परसातील कोंबड्यांची जात निवडताना

पुलगाव स्टेशनावर उतरून पायीदेखील गाठता येणाऱ्या आमच्या नाचणगावात, ज्या घरामागे चार हात मोकळी जागा आहे आणि त्या जागेत एखादा कडुनिंब किंवा शेवगा उभा आहे, अशा घरी केव्हातरी कोंबड्या पाळण्याचा विचार निघतोच, आणि मग जी चौकशी सुरू होते ती ठराविक एकाच प्रश्नापासून : सर्वांत जास्त अंडी कोणती कोंबडी देते? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याचे जे उत्तर मिळते, म्हणजे अमुक जात वर्षाला तीनशे देते, तमुक दीडशे आणि आपली गावरान पन्नास, ते उत्तर खरे असूनही विचारणाऱ्याच्या फारसे कामास येत नाही, कारण तो आकडा कोणत्या घरात, कोणत्या खाद्यावर आणि कोणाच्या देखरेखीखाली मोजला गेला याचा तपशील आकड्याबरोबर कोणी सांगत नाही. कोंबडीची प्रत्येक जात ही एखाद्या जुन्या सनदेसारखी असते. वरच्या बाजूस ठळक अक्षरांत तिने द्यावयाचे उत्पन्न लिहिलेले असते, आणि आपण काय पुरवावयाचे त्या अटी खाली बारीक अक्षरांत असतात. उत्पन्न वाचून जात निवडणारा पहिल्या मे महिन्यात पस्तावतो, आणि अटी वाचून निवडणारा त्या मानाने सुखी राहतो, असे इतक्या वर्षांच्या पाहण्यावरून माझे मत झाले आहे.

तीनशेच्या आकड्यापासूनच आरंभ करू. तो आकडा पांढऱ्या लेगहॉर्न वंशाचा आहे. इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या नावाचा इंग्रजांनी अपभ्रंश केला आणि त्यावरून हे नाव पडले. आज आपल्या देशात व्यापारी कुक्कुटगृहांतून जी ‘बी. व्ही. ३००’ नावाची कोंबडी आढळते व जी पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या संस्थेने प्रसृत केली, तीही याच रक्ताची. ती वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते यात अतिशयोक्ती काही नाही. परंतु ती पिंजऱ्यात उभी असते, तिच्यासमोर दिवसाकाठी शंभर-एकशेदहा ग्रॅम तोलून-मापून सिद्ध केलेले खाद्य येते, तिच्या डोक्यावर दिवसातून सोळा तास उजेड राहील असा बंदोबस्त केलेला असतो, आणि तिला उडावे, पळावे, किडा शोधावा असे काहीच काम नसते. तीच कोंबडी आपण परसात सोडली म्हणजे काय होते हे मी शेजारच्या एका घरी पाहिले आहे. उन्हाची ती मुळीच तक्रार करीत नाही, उलट अंगाने हलकी आणि मोठ्या लोंबत्या तुऱ्याची असल्यामुळे उष्णता बाहेर टाकण्यात ती जड जातींपेक्षा सरस ठरते. पण ती भित्री असते, भांडे पडले तरी कुंपणावरून उडून जाते, आणि काळ्या मातीच्या पार्श्वभूमीवर तिचा शुभ्र रंग घारीला अर्ध्या कोसावरून दिसतो. शिवाय तिची अंडी ज्या खाद्यातून निर्माण होतात ते तोलून मिळाले नाही तर ती स्वतःच्या हाडांतून चुना काढून अंडी घालीत राहते आणि अखेर पाय धरून बसते. परसासाठी ही कोंबडी नव्हे, एवढे निःसंदिग्धपणे सांगून तिचा विषय मी संपवितो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आपली गावरान आहे, आणि तिच्यावर जो आळशीपणाचा आरोप सर्रास केला जातो तो तिच्या वर्षाचा जमाखर्च न मांडताच केला जातो, म्हणून तो आपण एकदा नीट मांडून पाहू. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते, त्यास वीस-एक दिवस लागतात. मग ती खुडूक होते, म्हणजे अंग फुगवून, डोळे अर्धवट मिटून, हात लावू पाहणाऱ्यावर धावून जात एका जागी बसून राहते. अंडी खाली ठेवल्यास एकवीस दिवस ती उबविते. पिल्ले निघाली की दीड-दोन महिने त्यांना पायाने उकरून दाणे दाखविते, पंखाखाली घेते, घार दिसताच विशिष्ट आवाज काढून सर्वांना झुडपात लोटते. आणि पिल्ले स्वतंत्र झाली की पुन्हा अंडी घालू लागते. एका फेऱ्यास असे साडेतीन महिने जातात, वर्षात तीन किंवा फार तर चार फेरे होतात, आणि पन्नास-साठ अंड्यांचा तो कुप्रसिद्ध आकडा येतो. ज्या दिवसांत ती अंडी देत नाही त्या दिवसांत ती उबवणी यंत्राचे, पिल्लांना ऊब देणाऱ्या दिव्याचे आणि राखणदाराचे अशी तीन कामे एकटी करते आणि तेही निम्म्याहून अधिक अन्न स्वतः शोधून. अंड्यांच्या व्यापारासाठी माणसाने जे जे वाण सिद्ध केले त्या प्रत्येकात ही खुडूक होण्याची वृत्ती निवडीने खोडून काढावी लागली, कारण बसलेली कोंबडी अंडे देत नाही. अर्थात अधिक अंडी आणि आईपण ही एकाच कोंबडीत एकत्र मागणे म्हणजे एकाच बैलाकडून शर्यत आणि नांगरट दोन्ही करून घेऊ पाहण्यासारखे आहे.

या दोन टोकांच्या मधोमध ज्या जाती उभ्या आहेत, त्यांतच परसदाराच्या कोंबडीची निवड वास्तविक करावयाची असते. सरकारी व विद्यापीठीय संशोधनातून गेल्या काही दशकांत ज्या रंगीत सुधारित कोंबड्या निघाल्या त्यांची नावे आता खेड्यापाड्यांतून परिचित झाली आहेत. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून १९८९ च्या सुमारास निघालेली गिरिराज, आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातून आलेल्या वनराजा व ग्रामप्रिया, या त्यांतील प्रमुख होत. पैकी गिरिराज व वनराजा या मांस आणि अंडी अशा दुहेरी हेतूने तयार केलेल्या आहेत, आणि येथेच पुष्कळ गृहस्थांची फसगत होते. वनराजाचा कोंबडा तुकतुकीत रंगाचा, उंच पायांचा आणि भराभर वाढणारा असतो, तो पाहून मन हरखते. परंतु त्याच घराण्यातील कोंबडी परसात वर्षाला १०० ते ११० अंडी देते, आणि तिला सढळ हाताने दाणा घातला तर अंडी वाढण्याऐवजी तिची चरबीच वाढते. गिरिराज १३० ते १५० पर्यंत जाते, पण तीही अंगाने भारी. ज्या घरी अंडी हा मुख्य हेतू आहे आणि मांस हे आनुषंगिक, त्या घराने ग्रामप्रियेचा विचार करावा : ती वनराजापेक्षा हलकी, विसाव्या आठवड्यास दीड-पावणेदोन किलोच्या आसपास, आणि बहात्तर आठवड्यांच्या वयापर्यंत १६० ते १८० तपकिरी, वजनदार अंडी देणारी आहे. नावावरून दोघी बहिणी वाटतात, दुकानदारही कित्येकदा एकीच्या नावाखाली दुसरी देतो. सबब खरेदीच्या वेळी आपणांस नेमकी कोणती हवी हे ठासून सांगावे.

या सर्व सुधारित कोंबड्यांच्या सनदेत एक अट आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही म्हणून मी येथे ती विस्ताराने लिहितो. ग्रामप्रिया, वनराजा, गिरिराज या शुद्ध जाती नव्हेत, ते निरनिराळ्या वंशांच्या संकरातून मिळणारे वाण आहेत. त्यांच्या अंड्यांतून तुम्ही घरी पिल्ले काढलीत तर ती निघतील, जगतीलही, परंतु आईचे गुण त्यांच्यात जसेच्या तसे उतरणार नाहीत. कोणी आजीवर जाईल, कोणी पणजोबावर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत तुमचा कळप रंगाने व अंड्यांच्या संख्येने विस्कळीत होऊन बसेल. संकरित कपाशीचे बी दर हंगामास विकत का घ्यावे लागते हे ज्या मुलखात शेंबड्या पोरासही ठाऊक आहे, त्या मुलखात ही गोष्ट समजावून सांगण्याची खरे म्हणजे गरज पडू नये, पण पडते. सारांश, ग्रामप्रिया ठेवणाऱ्याने दर दोन वर्षांनी नवीन पक्षी विकत घेण्याची तजवीज मनाशी बांधूनच ठेवावी.

ज्यास ही पराधीनता नको असेल त्याने शुद्ध जातीकडे वळावे, आणि त्यांत माझा स्वतःचा कल ऱ्होड आयलंड रेडकडे आहे. अमेरिकेतील एका चिमुकल्या राज्याचे नाव धारण करणारी ही गडद तांबूस कोंबडी आपल्याकडे फार पूर्वीपासून सरकारी कुक्कुटशाळांतून वाढविली जात आहे. स्वभावाने शांत, मध्यम बांध्याची, चरण्यात हुशार, आणि चांगल्या निगेत वर्षाला दोनशेच्या आसपास तपकिरी अंडी देणारी अशी ती आहे. तिचाच कोंबडा जवळ ठेवल्यास पिल्ले हुबेहूब तिच्यासारखी निघतात आणि कळप वर्षानुवर्षे आपल्याच हाती राहतो. तिच्याच तोलाची काळी ऑस्ट्रेलॉर्प. १९२२ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अंडी-स्पर्धेत या जातीच्या सहा कोंबड्यांनी मिळून ३६५ दिवसांत १८५७ अंडी देऊन जगास थक्क केले होते. परंतु तो पराक्रम थंड हवेतला; आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा तो जड, काळा पिसारा तिला भारी पडतो. दाट सावली आणि जवळ पाणी असलेल्या परसातच तिने राहावे.

कडकनाथाविषयी लोक इतक्या उत्साहाने विचारतात की दोन शब्द लिहिणे भाग आहे. झाबुआच्या या काळ्या पक्ष्यास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या काळ्या मांसाची कीर्ती सर्वत्र पसरली. मांसाच्या विक्रीसाठी त्याचा विचार करणाऱ्याने अवश्य करावा. अंड्यांसाठी मात्र नाही. वर्षाला ऐंशी-शंभर लहान अंडी, आणि त्यावर आणखी गोष्ट अशी की ही कोंबडी देशी असूनही नीट बसत नाही, तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावी लागतात. म्हणजे गावरानचे आईपण नाही आणि तांबडीची अंडी नाहीत. असील ही झुंजीची, मोठ्या मानी बाण्याची जात. तिची कोंबडी आई म्हणून अद्वितीय, अंडी मात्र गावरानाइतकीच मोजकी. ज्यांना उन्हाची फार धास्ती वाटते त्यांनी उघड्या मानेच्या पक्ष्यांची चौकशी करावी. त्यांच्या मानेवर पिसे नसतात, त्यामुळे दिसावयास ते कुरूप दिसतात हे खरे, पण त्याच नग्न कातडीतून देहाची उष्णता बाहेर पडते. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या रक्ताचा उपयोग करून हितकारी नावाचा वाण सिद्ध केला तो याच कारणासाठी.

आता कोंबड्याचा प्रश्न. अंडी मिळण्यासाठी कोंबडा हवाच, ही समजूत आजही इतकी रूढ आहे की सहा कोंबड्यांमागे दोन कोंबडे पाळून त्यांना फुकट दाणा चारणारी घरे मला माहीत आहेत. वस्तुतः कोंबडी कोंबड्यावाचूनही तितकीच अंडी घालते. ती फक्त निर्जीव असतात, त्यांतून पिल्लू निघत नाही, आणि ती टिकतातही अधिक दिवस. आमच्या जिल्ह्यात तरी हा भेद नवखा वाटू नये. सेवाग्रामात बिऱ्हाड केलेल्या गांधीजींनी १९४२ साली आगाखान महालात स्थानबद्ध असताना आरोग्यावर जी पुस्तिका लिहिली, तीत त्यांनी फळलेले अंडे आणि न फळलेले अंडे यांतील फरक सांगून, ज्यास दूध चालते त्यास न फळलेले अंडे घेण्यास हरकत नसावी, अशा अर्थाचा निर्वाळा दिलेला आहे. हा निर्वाळा सर्वांना पटेल असे नाही, माळकरी आणि महानुभाव शेजाऱ्यांना तर नाहीच. पण घरात जर कोणी या विचाराने अंडी खाणारे असेल तर कोंबडा न ठेवणे हाच सरळ मार्ग, आणि पहाटे चार वाजता आरवणारा नसल्यामुळे शेजारधर्मही अबाधित राहतो. पिल्ले काढावयाची असतील तरच दहा माद्यांमागे एक नर ठेवावा, आणि तो दर वर्षी दुसऱ्या घरच्या नराशी बदलावा, म्हणजे भाऊबहिणींचा संकर टळतो.

चार-पाच माणसांच्या कुटुंबास मी जो कळप सुचवितो तो असा : सहा तांबड्या किंवा सहा ग्रामप्रिया, आणि त्यांच्या जोडीला दोन गावरान. सहा सुधारित कोंबड्यांकडून ओढाताण न करता दिवसाकाठी सरासरी दोन ते तीन अंडी मिळतात, पावसाळा-हिवाळ्यात त्याहून अधिक व उन्हाळ्यात कमी. तेवढ्याच सहा गावरान असत्या तर दिवसाला एकही पुरते पडले नसते. मग त्या दोन गावरान कशासाठी, असे कोणी विचारील. त्या अंड्यांसाठी नव्हेतच. त्या दाया आहेत. तांबडीची, तिचाच नर जवळ ठेवून फळलेली, दहा-बारा अंडी खुडूक गावरानीखाली सरकविली की एकवीस दिवसांनी विजेशिवाय, दिव्याशिवाय तुमचा पुढच्या वर्षीचा कळप परसात चालू लागतो. शिवाय घारीची सूचना सर्वांत आधी तीच देते आणि सुधारित कोंबड्या, त्या काहीशा मंद असल्या तरी, तिचे पाहून पळण्यास शिकतात. गावरान घेताना मात्र जिच्या आईने पिल्ले यशस्वीपणे वाढविली आहेत अशा घरचीच घ्यावी. हा गुण रंगावरून कळत नाही, शेजारणींच्या साक्षीवरूनच कळतो.

खाद्याच्या अटींत आमच्या मुलखाच्या दोन खास खोड्या आहेत. पहिली सरकीची. घरोघरी सरकीची ढेप गाई-म्हशींसाठी असतेच, तेव्हा तीच मूठभर कोंबड्यांना घालावी असा मोह होतो. परंतु सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते, ते बलकात उतरते आणि चार दिवस ठेवलेल्या अंड्याचा बलक फोडल्यावर हिरवट-तपकिरी निघतो, इतकेच नव्हे तर पांढऱ्यासही कधीकधी गुलाबी छटा येते. अंडे विषारी झाले अशी आवई उठते आणि बिचाऱ्या कोंबडीची जात बदनाम होते. दुसरी खोडी सोयाबीनची. दाणा वावरात पिकतो म्हणून कच्चाच भरडून घालणारे पुष्कळ आहेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारा अंश असतो, तो भाजल्याने किंवा शिजविल्याने नष्ट होतो, तेव्हा सोयाबीन घालावयाचे तर खमंग भाजून किंवा तेल काढलेल्या ढेपेच्या रूपातच घालावे. ज्वारी, मक्याचा भरडा, तुरीची चुरी आणि भाजलेले सोयाबीन यांच्या मिश्रणासोबत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवला म्हणजे काम भागते. टरफलाचे पाच-सहा ग्रॅम वजन जवळजवळ सबंध चुन्याचेच असते, आणि तो चुना किड्यांतून मिळत नाही. मध्यम बांध्याची कोंबडी पूर्ण बांधून ठेवली तर वर्षाला चाळीस किलो खाद्य खाते. दिवसभर चरावयास सोडली व सायंकाळी मूठ-दीड मूठ दाणा दिला तर हा खर्च बराच उतरतो. जातीची निवड करताना हा हिशेब मांडावा. ज्याचे परस सिमेंटचे आहे त्याला चरणाऱ्या जातीचा काहीच उपयोग नाही. शेवग्याचा पाला मात्र कोणत्याही जातीस घालावा. बलकास जो पिवळाजर्द रंग येतो तो जातीमुळे नव्हे, हिरव्या पाल्यामुळे. टरफल तपकिरी की पांढरे हेही केवळ वंशावर अवलंबून असते, सत्त्वाशी त्याचा संबंध नाही. पण बाजारात तपकिरी अंडे गावरानच्या भावाने खपते, आणि म्हणूनच पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकणारेही निघतात.

रंगावरून आठवले. आठवडी बाजारात सायकलीला टोपल्या बांधून गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्ले विकणारा येतो आणि मुले हट्ट धरतात. आमच्या घरीही एकदा अशी दहा पिल्ले आली होती, आणि ‘अंड्यावरची जात आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य अक्षरशः खरे होते. फक्त ती सर्व नर होती. अंड्यांच्या व्यापारी जातींत एक दिवसाच्या पिल्लांतून नर वेगळे काढले जातात, त्यांचा कोणास उपयोग नसतो, आणि तेच रंगवून गावोगाव विकले जातात. आठवडाभरात सहा दगावली, चार वाचली, आणि ती चारही पहाटे आरवू लागली. त्यांचा शेवट पोळ्याच्या करीला झाला, मांस मात्र एका वाटीस पुरेल इतकेच निघाले.

तेव्हा पक्षी घ्यावे ते जबाबदार ठिकाणाहून. नागपूरचे शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र, तेथीलच पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि आमच्या देवळी तालुक्यातच असलेले सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, या ठिकाणी चौकशी केल्यास कोणत्या महिन्यात कोणती पिल्ले मिळतील याची माहिती मिळते. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत पंचवीस तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, आणि तीन नर असा गट निम्म्या अनुदानावर देण्याचा शिरस्ता आहे. ज्यांना मोठा कळप हवा त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात दरखास्त द्यावी. नवख्याने एक दिवसाची पिल्ले न घेता आठ-दहा आठवड्यांच्या तलंगाच घ्याव्यात, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एक तर पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब रात्रंदिवस पुरवावी लागते, आणि दुसरे असे की ग्रामप्रिया-वनराजाची पिल्ले बहुधा नर-मादी न निवडताच मिळतात, त्यामुळे सहा माद्या हव्या असतील तर चौदा पिल्ले घ्यावी लागतात. तलंगेचा भाव अधिक, पण त्या भावात निवडलेली मादी आणि निम्मे लसीकरण दोन्ही असते. लशींचा दाखला मागावा : पहिल्या आठवड्यातील आणि आठव्या आठवड्यातील मानमोडीची, तसेच देवीची. मानमोडीचे दुसरे नाव राणीखेत. हिमालयातील त्या नावाच्या गावी १९२८ साली हा रोग आढळला म्हणून ते पडले. हा रोग जात पाहत नाही. गावरान काटक म्हणून तिला लस नको, असे म्हणणाऱ्यांची खुराडी एका रात्रीत रिकामी होतात. नवे पक्षी दोन आठवडे जुन्यांपासून दूर ठेवावेत, आणि एकाएकी अनेक पक्षी दगावले तर ते पुरून मोकळे न होता पशुवैद्यकास कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर येथे बर्ड फ्लू आला तेव्हापासून ही बाब केवळ आपल्या घरापुरती राहिलेली नाही.

आणण्याचा काळ पोळ्यानंतरचा उत्तम. तेव्हा आलेली आठ आठवड्यांची तलंग पावसाची ओल ओसरताना वाढते, संक्रांतीच्या आत-बाहेर अंड्यावर येते आणि उन्हाळा लागण्यापूर्वी तिला तीन महिने अंग सावरण्यास मिळतात. चैत्रात आणलेली तलंग ऐन वाढीच्या वेळी उन्हात सापडते. वैशाखातील कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकते तेव्हा तिच्या रक्तातला कर्बवायू उडून जातो, टरफलाला लागणारा चुना बसत नाही आणि अंडी कागदासारखी पातळ येतात; जड जातींना हा त्रास आधी होतो आणि दगावतात त्याही त्याच आधी. खुराड्यावर पऱ्हाटी-तुराट्यांचा जाड थर, त्यावर भिजवलेले बारदान, आणि दुपारी तीन वेळा बदललेले मातीच्या भांड्यातील पाणी, इतके ज्यास दररोज करता येईल त्याने ऑस्ट्रेलॉर्पचाही विचार करावा. ज्याच्या घरी दुपारी कोणीच नसते त्याने हलक्या बांध्याच्या कोंबड्यांवर समाधान मानावे. उन्हाळ्यात दाणा पहाटे व सायंकाळी द्यावा, दुपारी नव्हे, कारण पचनाचीही उष्णता असते. खुराड्यात खाली सोयाबीनचे कोरडे कुटार पसरावे आणि रात्री दार नीट बंद झाल्याची खातरजमा स्वतः करावी, कारण मुंगूस व रानमांजर यांना कोंबडीच्या जातीचे सूक्ष्म ज्ञान नसते.

आणि अखेरीस तलंग पहिले अंडे देते तेव्हा ते सुपारीहून थोडे मोठे असते, कधी त्यात बलकच नसतो, कधी टरफलावर रक्ताची रेघ असते, आणि पुढचे अंडे तीन-चार दिवसांनी कुठेतरी शेणखताच्या ढिगावर सापडते. त्या अंड्यावरून जातीचा निकाल लावून पक्षी विकावयास काढणारे मी पाहिले आहेत. तलंगांना महिनाभराची मुदत द्यावी, घरट्याच्या पेटीत एखादे चुन्याचे खोटे अंडे ठेवून द्यावे, आणि वहीत रोजची अंडी टिपण्यास दुसऱ्या महिन्यापासून प्रारंभ करावा.